आर्क्टिकच्या सागरी बर्फाविषयीचा दावा कसा तपासावा

आर्क्टिक महासागरावरचा बर्फ दरवर्षी सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी उरतो आणि त्याच सुमारास त्याच्याविषयी परस्परविरोधी विधाने वाचायला मिळतात. एकीकडे बर्फ झपाट्याने नाहीसा होत असल्याचे सांगितले जाते. दुसरीकडे तो मागच्या वर्षीपेक्षा वाढला, गेल्या अठरा-वीस वर्षांत फारसा घटलेलाच नाही किंवा शंभर वर्षांपूर्वीही असाच वितळत होता, असे ठामपणे मांडले जाते. वाचकाची खरी अडचण अशी की, दोन्ही बाजूंचे आकडे बहुधा खरेच असतात. हवामानबदलाविषयी शंका घेणाऱ्यांनी दिलेला आकडा सपशेल खोटा निघाला, असे क्वचितच घडते. मात्र तो कशाचा आकडा आहे, कोणत्या महिन्याचा आहे आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचा आहे, हे बहुतेक वेळा सांगितलेले नसते. म्हणून आकडा बरोबर आहे का, हे पाहण्याच्याही आधी तो कुठून उचलला आहे, हे शोधावे लागते. पुढे दिलेली पद्धत त्यासाठी आहे. तिला विज्ञानाची पदवी लागत नाही. थोडा वेळ, थोडी चिकाटी आणि एक साधी स्प्रेडशीट एवढे पुरते.

मोजले काय आहे, ते आधी ठरवावे

बर्फ वाढला किंवा घटला, असे म्हणताना बोलणारा निरनिराळ्या राशींपैकी कोणतीही एक मनात धरून असतो. सर्वाधिक वापरली जाणारी राशी म्हणजे व्याप्ती. उपग्रहाच्या नोंदींसाठी समुद्राचा पृष्ठभाग साधारण २५ किलोमीटर बाजूच्या चौकटींत विभागलेला असतो आणि ज्या चौकटीचा किमान १५ टक्के भाग बर्फाने व्यापलेला आहे, ती अख्खी चौकट व्याप्तीत धरली जाते. क्षेत्रफळ काढताना मात्र त्या चौकटीतला फक्त बर्फाचा हिस्सा मोजतात. त्यामुळे व्याप्तीचा आकडा क्षेत्रफळापेक्षा नेहमीच मोठा असतो आणि एका संस्थेची व्याप्ती दुसऱ्या संस्थेच्या क्षेत्रफळाशेजारी ठेवली, तर लाखो चौरस किलोमीटरची वाढ किंवा घट प्रत्यक्षात काहीही न घडता दिसू लागते. दावा तपासायला घेतला की पहिला प्रश्न हाच विचारावा.

क्षेत्रफळ अधिक काटेकोर वाटत असूनही शास्त्रज्ञ व्याप्तीला पसंती का देतात, हे समजून घेण्यासारखे आहे. बर्फ आणि खारे पाणी सूक्ष्मलहरींच्या रूपात वेगवेगळ्या प्रमाणात प्रारण बाहेर टाकतात आणि उपग्रहावरचे उपकरण तो फरक टिपते. ढग असोत किंवा ध्रुवावरची महिनोन्महिने चालणारी रात्र असो, या मोजणीला अडथळा येत नाही. उन्हाळ्यात मात्र बर्फाच्या पाठीवर वितळलेल्या पाण्याची तळी साचतात आणि उपकरणाला ती उघड्या समुद्रासारखीच भासतात. अशा वेळी क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा बरेच कमी निघते. व्याप्तीला केवळ १५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली की नाही एवढेच पाहायचे असल्याने तिच्यावर या तळ्यांचा परिणाम कमी होतो.

व्याप्ती आणि क्षेत्रफळ या दोन्ही राशी पृष्ठभागाच्या आहेत; खाली बर्फ किती जाड आहे, याविषयी त्या काहीच सांगत नाहीत. जाडीच्या सर्वांत जुन्या विस्तृत नोंदी अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांनी खालून वर ध्वनिलहरी सोडून घेतलेल्या आहेत. रॉन क्वोक आणि ड्र्यू रॉथरॉक यांनी २००९ मध्ये या नोंदींना आइससॅट उपग्रहाच्या मोजण्यांची जोड दिली, तेव्हा पाणबुड्यांनी पाहणी केलेल्या मध्य आर्क्टिकमधील हिवाळ्याअखेरची सरासरी जाडी १९८० मधील ३.६४ मीटरवरून २००८ मध्ये १.८९ मीटरवर आल्याचे दिसले. त्यानंतर २०१० पासून क्रायोसॅट-२ आणि २०१८ पासून आइससॅट-२ हे उपग्रह समुद्राच्या पातळीवर डोकावणाऱ्या बर्फाची उंची मोजून जाडीचा अंदाज देत आहेत.

जाडी आणि पसारा एकत्र केला की घनफळ मिळते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पायोमास या प्रणालीत निरीक्षणे आणि संगणकीय प्रतिमान यांचा मेळ घालून ते काढले जाते. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये ते सुमारे १७ हजार घनकिलोमीटर होते. अलीकडच्या वर्षांत ते ४ ते ५ हजारांच्या आसपास असते. बर्फाचे वयही येथे विचारात घ्यावे. मार्च १९८५ मध्ये आर्क्टिक महासागरातल्या बर्फापैकी ३३ टक्के बर्फ चार वर्षांहून जुना होता. मार्च २०१९ मध्ये हे प्रमाण १.२ टक्के भरले. 'व्याप्ती स्थिर आहे, म्हणजे बर्फ स्थिर आहे' असे कोणी म्हटले, तर जाडी, घनफळ आणि वय यांच्याकडे बोट दाखवणे रास्त ठरते. अनेक उन्हाळे तगलेला जाड बर्फ जाऊन त्या जागी एकाच हिवाळ्याचा पातळ बर्फ आला, तरी वरून पाहणाऱ्या नकाशावर रंग तोच राहतो.

महिना पाहावा, मग तक्ता मांडावा

आर्क्टिकमधला बर्फ मार्चमध्ये सुमारे दीड कोटी चौरस किलोमीटरपर्यंत पसरतो आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्र पुन्हा गोठू लागतो, तेव्हा काही आठवड्यांत लाखो चौरस किलोमीटरची भर पडणे हा नित्याचा ऋतुक्रम आहे. तो बर्फ परतल्याचा पुरावा नव्हे. म्हणून तुलना सप्टेंबरची सप्टेंबरशी आणि मार्चची मार्चशीच करावी.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर येथे असलेले राष्ट्रीय हिम व बर्फ माहिती केंद्र रोजची आणि महिन्याची आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवते. त्यांच्या चार्क्टिक या आलेखावर कोणतेही वर्ष निवडून १९८१ ते २०१० च्या सरासरीशेजारी पाहता येते. केवळ आलेख पाहून थांबू नये, असे मी आग्रहाने सुचवेन. सप्टेंबरच्या मासिक सरासरीची १९७९ पासूनची फाइल उतरवून घ्यावी, पहिल्या स्तंभात वर्ष आणि दुसऱ्यात व्याप्ती लिहावी, आणि स्प्रेडशीटमधल्या सूत्राने सरळ रेषेचा उतार काढावा. तो दरवर्षी साधारण ७५ ते ८० हजार चौरस किलोमीटरची घट दाखवतो, म्हणजे १९८१ ते २०१० च्या सरासरीच्या तुलनेत दर दशकाला सुमारे १२ टक्के. हेच मार्चच्या आकड्यांवर केले, तर घट दर दशकाला अडीच टक्क्यांच्या आसपास येते. हिवाळ्यात सूर्य नसतो आणि समुद्र किनाऱ्यांपर्यंत गोठतो, त्यामुळे घसरण उन्हाळ्याइतकी तीव्र दिसत नाही. तरीही २२ मार्च २०२५ रोजी नोंदलेली १ कोटी ४३ लाख चौरस किलोमीटरची हिवाळी कमाल व्याप्ती उपग्रहीय नोंदीतली तोवरची सर्वांत कमी कमाल ठरली.

उताराचे सूत्र अवघड वाटणाऱ्यांसाठी आणखी सोपा मार्ग आहे. १९७९ ते १९८८ या दहा वर्षांची सप्टेंबर सरासरी काढावी आणि तिच्याशेजारी २०१० ते २०१९ ची ठेवावी. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय हवामानबदल समितीने (आयपीसीसी) आपल्या सहाव्या अहवालात २०२१ मध्ये हीच तुलना केली असून सप्टेंबरसाठी सुमारे ४० टक्के आणि मार्चसाठी सुमारे १० टक्के घट दिली आहे. स्वतः काढलेला आकडा त्याच्याशी जुळला की पुढच्या वाचनात एक वेगळाच आत्मविश्वास येतो.

आरंभीचे आणि अखेरचे वर्ष कोणी निवडले?

१७ सप्टेंबर २०१२ रोजी बर्फाची व्याप्ती सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत खाली आली. तो नीचांक आजही मोडलेला नाही. पुढच्या वर्षी किमान व्याप्ती ५० लाखांच्या थोडी वर राहिली आणि बर्फ एका वर्षात निम्म्याहून अधिक वाढल्याचे मथळे ब्रिटनमध्ये झळकले. दोन वर्षांतला फरक खरा होता. परंतु आधार असाधारण लहान असला की टक्केवारी फुगते, आणि २०१३ ची ती 'वाढलेली' किमान व्याप्तीदेखील १९८१ ते २०१० च्या सरासरी किमान व्याप्तीपेक्षा, म्हणजे सुमारे ६२ लाखांपेक्षा, दहा लाखांहून अधिक कमी होती. दोन वर्षांवर उभा असलेला दावा आला की ती दोन्ही वर्षे आपल्या तक्त्यात शोधावीत आणि सरळ रेषेच्या कोणत्या बाजूला पडतात ते पाहावे. २०१२ रेषेच्या बरेच खाली आणि २०१३ रेषेच्या वर असल्याचे लगेच दिसते.

विक्रमी नीचांकानंतर बर्फ काहीसा सावरतो, यामागे भौतिक कारणही आहे. पातळ बर्फ आणि उघडे पाणी हिवाळ्यात आपली उष्णता थंड हवेला लवकर देऊन टाकतात, त्यामुळे तेथे नवा बर्फ जाड बर्फाखालच्यापेक्षा वेगाने धरतो. उन्हाळ्यातली क्रिया याच्या उलट आहे: हिमाच्छादित बर्फ ऊन मोठ्या प्रमाणात परत फेकतो, तर उघडे पाणी त्यातला केवळ ६ टक्के भाग परावर्तित करते आणि उरलेली उष्णता शोषून आणखी बर्फ वितळवते. या दोन्ही क्रिया एकाच वेळी लक्षात ठेवल्या, तर बर्फ दरवर्षी नवा नीचांक का गाठत नाही आणि तरीही दीर्घकाळात का घटतो, या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

आता संशयवाद्यांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे यावे लागेल, कारण तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१२ चा विक्रम इतक्या वर्षांत मोडला गेलेला नाही आणि २००७ नंतर सप्टेंबरमधील व्याप्तीचा उतार बराच सपाट झाला आहे. २०२५ मध्ये 'जिओफिजिकल रिसर्च लेटर्स' या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर २००५ ते २०२४ या वीस वर्षांत सप्टेंबरमधील घट सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध करण्याइतकी ठळक नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे. 'बर्फ दरवर्षी अधिकाधिक वेगाने घटत आहे' असे कोणी म्हणत असेल, तर ते चूक आहे, आणि ही चूक दुसऱ्या बाजूने दाखवली म्हणून ती मान्य करण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

मात्र त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग बहुतेक दाव्यांतून गळलेला असतो. उत्सर्जन वाढत असतानाच्या संगणकीय प्रतिमानांतही असे विराम वरचेवर येतात. महासागर आणि वातावरण यांच्यातले काही दशकांचे नैसर्गिक चढउतार कधी घट वाढवतात, तर कधी रोखून धरतात. असा विराम आणखी पाच-दहा वर्षे टिकू शकतो, हेही त्या अभ्यासाने नोंदवले आहे. त्याच्याआधीची काही वर्षे सरासरीहून वेगवान घटीची होती, आणि तेव्हा त्याच वेगाने भविष्य मोजणारे जसे चुकले, तसेच आजच्या सपाट उतारावरून भविष्य मोजणारेही चुकू शकतात. तपासणी करणाऱ्याने येथे तक्त्याकडे परत जावे आणि वर्षे चढत्या क्रमाऐवजी व्याप्तीच्या क्रमाने लावावीत. २००७ ते २०२५ ही एकोणीस वर्षे संपूर्ण नोंदीतल्या सर्वांत कमी एकोणीस किमान व्याप्तींची वर्षे आहेत. उतार सपाट झाला आहे, पण पूर्वीच्या पातळीवर परत गेलेला नाही. या वाक्याचे दोन्ही भाग एकत्रच सांगावेत.

'१९७९ हेच वर्ष का?' या प्रश्नाला सामोरे जाताना

हा प्रश्न वाजवी आहे. निंबस-७ हा उपग्रह ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडला गेला आणि त्याच्यावरील अनेक वारंवारतांच्या उपकरणापासून पुढच्या उपग्रहांपर्यंत नोंदी जोडत अखंड मालिका तयार झाली, म्हणून पहिले पूर्ण वर्ष १९७९ धरले जाते. त्याआधी निंबस-५ ने १९७२ च्या अखेरीपासून काही वर्षे एकाच वारंवारतेवर मोजणी केली होती. तिच्यात खंड आहेत आणि तिची अचूकता कमी आहे. त्या नोंदींत १९७० च्या दशकाच्या मध्यावर बर्फ १९७९ पेक्षा काहीसा कमी दिसतो, हा संशयवाद्यांचा मुद्दा निराधार नाही. परंतु १९७९ पासून पुढे झालेली घट त्या फरकात सामावत नाही.

याहून मागे जायचे, तर जहाजांच्या रोजनिशा, देवमाशांची शिकार करणाऱ्यांच्या नोंदी, डॅनिश हवामान संस्थेचे नकाशे आणि सोव्हिएत काळातील निरीक्षणे यांचा आधार घ्यावा लागतो. जॉन वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा साधनांवरून १८५० पासूनची महिनावार मांडणी केली आहे. जुन्या वर्षांत पोकळ्या आहेत आणि त्या अंदाजाने भरलेल्या आहेत, हे ते स्वतःच सांगतात. तरीही एकविसाव्या शतकातल्या किमान व्याप्तींना १८५० पासून तोड सापडत नाही, हा त्यांचा निष्कर्ष आहे.

जुन्या बातम्या आणि छायाचित्रे तपासताना हेच लक्षात ठेवावे. १९२२ मध्ये नॉर्वेच्या उत्तरेकडील स्पिट्सबर्गेनजवळ बर्फ मागे हटल्याचे आणि समुद्र कोमट झाल्याचे वृत्त अमेरिकी हवामान खात्याच्या मासिकात छापून आले होते, आणि ते आजही फिरते. ते खरे आहे. १९२० ते १९४० च्या दरम्यान उत्तर अटलांटिककडचा आर्क्टिक खरोखर उबदार झाला होता. मात्र ती बातमी एका द्वीपसमूहाभोवतीच्या समुद्राची होती, सबंध आर्क्टिकची नव्हती.

नॉर्वेचे शोधप्रवासी रोआल्ड आमुंडसेन यांनी १९०३ ते १९०६ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा वायव्य सागरी मार्ग पार केला, असेही सांगितले जाते. पण त्यांच्या छोट्या ग्योआ नौकेला वाटेत तीन हिवाळे बर्फात काढावे लागले, ही गोष्ट सोबत सांगितली जात नाही. कॅनडाच्या सेंट रॉक या जहाजाने १९४४ मध्ये तो मार्ग एकाच हंगामात, ८६ दिवसांत, पार केला, ही नोंदही खरी आहे. जहाज एखाद्या वर्षी पार होणे हे त्या सामुद्रधुन्यांतल्या वाऱ्यावर आणि नाविकांच्या कौशल्यावर अवलंबून असते. त्यावरून संपूर्ण महासागराची व्याप्ती काढता येत नाही.

अमेरिकेची स्केट ही पाणबुडी ध्रुवावर वर आल्याचा दाखला सर्वाधिक परिणामकारक ठरतो, म्हणून त्याची तारीख पाहावी. ती १७ मार्च १९५९ रोजी ध्रुवावर आली, म्हणजे बर्फ वर्षातल्या सर्वाधिक पसाऱ्यावर असताना. वाऱ्यामुळे आणि प्रवाहांमुळे बर्फात कोणत्याही ऋतूत लांबट भेगा पडतात आणि त्यांच्यावर पातळ थर धरतो. पाणबुडीने असाच थर फोडला. ध्रुव तेव्हा बर्फमुक्त होता, असा अर्थ त्या घटनेतून निघत नाही.

काही जण याहूनही मागे, सहा ते दहा हजार वर्षांपूर्वीच्या काळाकडे जातात. तेव्हा आर्क्टिकच्या अनेक भागांत उन्हाळी बर्फ कमी होता, याचे पुरावे आहेत. त्याचे कारणही ठाऊक आहे: पृथ्वीच्या कक्षेच्या आणि अक्षाच्या स्थितीमुळे त्या काळी उत्तरेला उन्हाळ्यात अधिक ऊन मिळत असे. त्यानंतर ते हळूहळू कमी होत गेले. निसर्गाच्या त्या घटकाचा कौल आज थंडीकडे असताना बर्फ घटत आहे, हे लक्षात घेतले तर तो दाखला मांडणाऱ्याच्याच विरोधात जातो.

अंटार्क्टिका मध्ये आणल्यास

आर्क्टिकवरच्या चर्चेत दक्षिण ध्रुवाची वाढ पुढे करणे ही जुनी रीत आहे. आर्क्टिक हा जमिनीने वेढलेला महासागर आहे आणि अंटार्क्टिका ही महासागराने वेढलेली जमीन आहे. दोन्हीकडे वारे, प्रवाह आणि बर्फाचे वर्तन वेगळे असते. दक्षिणेकडची व्याप्ती सप्टेंबर २०१४ मध्ये २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेली होती, हे खरे. परंतु २०१६ पासून ती एकदम घसरली, फेब्रुवारी २०२३ मध्ये किमान व्याप्ती सुमारे १८ लाखांवर आली आणि त्याच वर्षीची हिवाळी कमाल व्याप्तीही नोंदीतली सर्वांत कमी ठरली. वाढीचा दाखला २०१४ वर थांबला असेल, तर पुढची वर्षे मागावीत.

'हे सारे नैसर्गिक आहे' हा दावा

या दाव्यात तथ्याचा जो अंश आहे, तो आधी वेगळा काढावा. २००७ च्या नीचांकामागे निरभ्र आकाश आणि बर्फ एकीकडे ढकलणारे वारे होते. ऑगस्ट २०१२ मध्ये एका मोठ्या वादळाने आधीच पातळ झालेला बर्फ फोडला. ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या फ्राम सामुद्रधुनीतून दरवर्षी मोठ्या प्रमाणावर बर्फ अटलांटिककडे वाहून जातो आणि वाऱ्याची दिशा बदलली की हे प्रमाणही बदलते. १९७९ पासूनच्या सप्टेंबर घटीतला तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतचा वाटा नैसर्गिक चढउतारांचा असू शकेल, असे २०१७ मधील एका अभ्यासाने मांडले आहे.

तरीही उरलेला मोठा वाटा कशाचा, याचे उत्तर वारे देत नाहीत. डर्क नॉट्झ आणि ज्युलियन स्ट्रोव्ह यांनी २०१६ मध्ये सप्टेंबरमधील व्याप्ती आणि मानवाने तोवर सोडलेला एकूण कार्बन डायऑक्साइड हे एकमेकांसमोर मांडले, तेव्हा जवळजवळ सरळ रेषा मिळाली: प्रत्येक टन वायूमागे सुमारे तीन चौरस मीटर बर्फ कमी होतो. मला हा आकडा या विषयातला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो एकाच वेळी कारणही सांगतो आणि प्रत्येकाच्या हिश्श्याचे मापही देतो. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापल्याचे २०२२ मधील संशोधनाने दाखवले आहे. समुद्रतळावरच्या ज्वालामुखींमुळे बर्फ वितळतो, असेही कोणी म्हणते. गाकेल पर्वतरांगेत १९९९ मध्ये उद्रेक झाले होते खरे, पण ती रांग हजारो मीटर खोल आहे आणि वरचे कमी खारट, हलके पाणी खालच्या उष्णतेला पृष्ठभागापर्यंत सहजी पोहोचू देत नाही.

चुकलेली भाकिते आणि बिघडलेली उपकरणे

डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी काही उन्हाळी महिन्यांत ध्रुवीय बर्फ पाच ते सात वर्षांत पूर्ण नाहीसा होण्याची ७५ टक्के शक्यता सांगितली. ते घडले नाही. ज्यांच्या संशोधनाचा त्यांनी हवाला दिला होता, त्या व्हिएस्लाव्ह मास्लोव्स्की यांनीच हा आकडा कुठून आला ते कळत नसल्याचे तेव्हा म्हटले होते. असे भाकीत समोर आले की ते कोणी केले, एका व्यक्तीने की अनेक शास्त्रज्ञांनी मिळून तयार केलेल्या अहवालाने, हे पाहावे. आंतरशासकीय समितीच्या २००७ च्या अहवालाने उन्हाळ्याअखेरचा बर्फ जवळजवळ नाहीसा होण्याची वेळ काही प्रतिमानांनुसार एकविसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिली होती, आणि प्रत्यक्ष घट त्या काळच्या बहुतेक प्रतिमानांपेक्षा वेगवान निघाली. २०२१ च्या अहवालानुसार २०५० पूर्वी निदान एका सप्टेंबरमध्ये आर्क्टिक व्यावहारिकदृष्ट्या बर्फमुक्त होण्याचा संभव आहे. तेथे बर्फमुक्त याचा अर्थ १० लाख चौरस किलोमीटरहून कमी, शून्य नव्हे. उत्साहाच्या भरात सांगितलेले भाकीत बर्फाचे काहीच बिघडवत नाही, पण ऐकणाऱ्याचा विश्वास मात्र ढळवते, म्हणून आपल्या बाजूच्या अतिशयोक्तीलाही हीच कसोटी लावावी. तरंगणारा सागरी बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. ती ग्रीनलंडसारख्या जमिनीवरच्या बर्फाने वाढते, आणि ही गल्लत दोन्ही बाजूंकडून होते.

उपकरणांचे बिघाडही लपवलेले नाहीत. २००९ च्या आरंभी एका उपग्रहावरच्या संवेदकाचे मोजमाप हळूहळू सरकत गेले आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत व्याप्ती सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरने कमी दिसू लागली. एप्रिल २०१६ मध्ये दुसऱ्या उपग्रहाने चुकीच्या नोंदी दिल्या. दोन्ही वेळा बोल्डरच्या केंद्राने चूक जाहीर केली आणि आकडे दुरुस्त केले. उपकरणावर शंका असेल, तर जपानच्या अवकाश संस्थेची, जर्मनीतील ब्रेमेन विद्यापीठाची किंवा युरोपीय उपग्रह संस्थांची स्वतंत्र मालिका उघडून तोच महिना पाहावा. आकडे थोडे वेगळे येतील, कारण चौकटी आणि सूत्रे वेगळी आहेत, पण उताराची दिशा तीच आढळते.

पुढच्या सप्टेंबरला

किमान व्याप्तीची तारीख बहुधा सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास येते, परंतु ती येऊन गेली हे काही दिवसांनीच कळते. वाऱ्याने बर्फ दाटला, तर गोठण्याचा काळ सुरू झाल्यावरही व्याप्ती पुन्हा खाली जाऊ शकते. त्यामुळे पहिली घोषणा तात्पुरती असते आणि दैनंदिन आकडाही पाच दिवसांच्या सरासरीचा असतो. अमुक वर्षी सहावा नीचांक की सातवा, यावर फार वेळ घालवू नये. सुमारे ४० हजार चौरस किलोमीटरच्या आतला फरक केंद्र स्वतः बरोबरी मानते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात महिन्याची सरासरी प्रसिद्ध झाली की ती आपल्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीत लिहावी, उतार पुन्हा काढावा आणि मागच्या वर्षीच्या उताराशेजारी ठेवावा. जो कोणी नव्या वर्षाच्या एका आकड्यावरून 'वाढला' किंवा 'संपला' म्हणेल, त्याला ते दोन उतार दाखवावेत आणि हा तक्ताच त्याच्याकडे पाठवून स्वतः गणित करून पाहण्याची विनंती करावी.